हॅरोल्ड हार्ट मॅन

हॅरोल्ड हार्ट मॅन (जन्म : १८७२, यॉर्क, इंग्लंड, मृत्यू : १९६१) हे ब्रिटिश कृषिरसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक होते. दख्खनमधील क्षारयुक्त जमिनींचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. ग्रामीण समाजाचे अभ्यासक म्हणूनही ते तितकेच परिचित आहेत.

१९०० मध्ये चहा उत्पादक संघाचे शास्त्रीय अधिकारी म्हणून ते भारतात आले. १९०३ साली जॉर्ज वॅट यांच्यासह त्यांनी चहाच्या रोगकिडींवर ग्रंथ सिद्ध केला. १९०७ मध्ये ते पुण्यास आले.

क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास

नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यावर बारामतीच्या परिसरात ऊस फोफावला. परंतु काही वर्षांतच चांगल्या काळ्या रानांवर मिठाचा पांढरा थर दिसू लागला. अवर्षणावर उपाय म्हणून आणलेले पाणीच जमीन नासवू लागले होते. मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी या जमिनींची पाहणी करून १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारभूमीवरील पुस्तिका प्रसिद्ध केली. पाटाच्या अतिरिक्त पाण्याने भूजलाची पातळी वर येते, त्याबरोबर खोलवरचे क्षारही वर चढतात आणि पाण्याची वाफ झाल्यावर पृष्ठभागावर साचतात, हे या प्रश्नाचे मूळ होय. चर खणून निचरा करणे आणि साचलेले क्षार धुऊन काढणे हा त्यावरील मुख्य इलाज. शंभर वर्षांनंतरही ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला तोच सांगावा लागतो, ही खेदाची गोष्ट आहे.

कोकणातील खार जमिनींची कथा निराळी. तेथे क्षार खालून नव्हे, तर भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून येतात. पावसाळ्यात शेतात साचणारे गोडे पाणी क्षार सौम्य करते, म्हणून तेथे भात तग धरते. मात्र रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात ते क्षारांना फार हळवे असते. राता जातीचे तांबडे भात खारेपाटातील शेतकरी पूर्वापार लावत आले. नवी मुंबईलगतच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राच्या कामातही याच वाणांचा आधार राहिला. भुरा राता ४-१० आणि काळा राता १-२४ हे निवडलेले वाण होत. पैकी भुरा रात्याचा आयआर-८ शी संकर करून पनवेल-१ तयार झाला. हे काम मॅन यांचे नव्हे. मात्र जमीन सुधारणे आणि जमिनीला सोसणारे पीक शोधणे या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

ग्रामीण पाहणी

पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे त्यात दाखवले आहे. शेतकऱ्याच्या आळसावर बोट ठेवणाऱ्या त्या काळच्या अधिकाऱ्यांना हे आकडे पुरेसे उत्तर होते. जातेगाव बुद्रुक येथील दुसरी पाहणी एन. व्ही. कानिटकर यांच्या साह्याने १९२१ मध्ये आली. पुण्यातील अस्पृश्य समाजाच्या राहणीमानावरही त्यांनी १९१२ मध्ये लिहिले होते.

१९२७ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले आणि वोबर्न प्रयोगकेंद्रात १९५६ पर्यंत काम करीत राहिले. त्यांचे निवडक लेख डॅनियल थॉर्नर यांनी संपादित केले. तो संग्रह १९६७ मध्ये प्रकाशित झाला.