पॉल द व्हिव्ही

पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ (जन्म : २९ एप्रिल १८५३, पेर्न-ले-फोंतेन, मृत्यू : १९३०, सेंत-एत्येन) हे फ्रेंच सायकलप्रवासी, संपादक आणि सायकलनिर्माते होते. फ्रान्समधील सायकल-पर्यटनाचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते. सायकल हे केवळ शर्यतीचे साधन नसून सामान्य माणसाला स्वतःच्या बळावर दूरचा प्रदेश दाखवणारे वाहन आहे, हा विचार त्यांनी चार दशकांहून अधिक काळ लेखनातून आणि प्रत्यक्ष प्रवासातून मांडला. सायकलला एकाहून अधिक गिअर असावेत, या मताचे ते आरंभीच्या काळातील प्रमुख पुरस्कर्ते होते.

पूर्वायुष्य

द व्हिव्ही यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील व्होक्लूझ विभागात, पेर्न-ले-फोंतेन या गावी झाला. शालेय शिक्षणात त्यांना साहित्याची गोडी लागली आणि प्राचीन लेखकांचे वाचन त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. शिक्षणानंतर उमेदवारी करून ते रेशमाच्या व्यापारात शिरले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत त्यांचा स्वतःचा व्यवसाय उभा राहिला होता. ते विवाहित होते व त्यांना तीन अपत्ये होती.

त्यांचे वास्तव्य असलेले सेंत-एत्येन हे कोळशाच्या खाणी, रेशमी फिती आणि शस्त्रनिर्मिती यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर होते. धातुकामाचे कसब तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले असल्यामुळे पुढे हेच शहर फ्रान्समधील सायकल उद्योगाचे केंद्र बनले. शहराला लागूनच डोंगर आहेत आणि ते ओलांडले की रोन नदीचे खोरे लागते. या भूगोलाचा द व्हिव्ही यांच्या विचारांवर आणि त्यांच्या यंत्रांवर खोल परिणाम झाला.

सायकलशी परिचय

१८८१ मध्ये त्यांनी पहिली सायकल घेतली. ती पुढचे चाक प्रचंड आणि मागचे अगदी लहान असलेली, त्या काळी रूढ असलेली उंच सायकल होती. महिन्याभरातच एका मित्राने त्यांना सहा तासांत १०० किलोमीटर अंतर कापण्याचे आव्हान दिले. त्या निमित्ताने त्यांनी शेझ-द्यू या डोंगरावरील गावाची वाट धरली. या प्रवासानंतर सायकल हा त्यांच्या आयुष्याचा मुख्य विषय झाला.

त्या काळी सायकल उद्योगात इंग्लंड आघाडीवर होते. द व्हिव्ही यांनी कॉव्हेंट्री येथे जाऊन तेथील उद्योग पाहिला. १८८७ मध्ये त्यांनी रेशमाचा चालता व्यवसाय विकला, कॉव्हेंट्रीहून सायकली आयात करणारे दुकान सेंत-एत्येनमध्ये उघडले आणि त्याच वर्षी एक नियतकालिकही सुरू केले. १८८८ पासून हे नियतकालिक 'ल सिक्लिस्त' या नावाने निघू लागले. महाराष्ट्रातील वाचकांना या काळाची कल्पना यावी म्हणून सांगता येईल, की किर्लोस्कर उद्योगसमूह लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात मांडलेल्या सायकल व्यवसायापासून, म्हणजे याच १८८८ या वर्षापासून आपला आरंभ मोजतो.

'ल सिक्लिस्त'मध्ये द व्हिव्ही 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत. प्रवासवर्णने, रस्त्यांची स्थिती, चाके व टायर यांविषयीचे प्रयोग, आहारविषयक अनुभव असे लेखन त्यात येई. वाचकही आपापल्या प्रवासांचे वृत्तांत पाठवीत. त्यामुळे हे नियतकालिक सायकलप्रवाशांच्या अनुभवांची देवाणघेवाण करणारे व्यासपीठ बनले.

गिअरविषयक प्रयोग

१८८९ मध्ये त्यांनी 'ला गोलवाझ' नावाची स्वतःची सायकल तयार केली. तिला एकच गिअर होता. सेंत-एत्येनजवळील कोल द ला रेपुब्लिक ही १,१६१ मीटर उंचीची खिंड चढत असताना त्यांच्याच एका वाचकाने तोंडात पाइप धरून आरामात त्यांना मागे टाकले, असे सांगितले जाते. एकच गिअर चढणीवर सोयीचा ठेवला तर सपाटीवर गती मिळत नाही आणि सपाटीचा ठेवला तर चढण चढवत नाही, ही अडचण त्यांना जाणवली.

गिअरचे कार्य साध्या हिशेबाने समजते. पेडलजवळील चक्राला ४८ आणि मागील चाकावरील चक्राला १६ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर धरल्यास सायकल ६.३ मीटर पुढे जाते. दोन्ही चक्रांना २८ दाते असतील, तर ती केवळ २.१ मीटर जाते. मात्र त्यासाठी पायाला एकतृतीयांश जोर पुरतो. म्हणजे गिअर बदलता आला, तर चढण असो वा सपाटी, पायावरील भार जवळपास सारखा ठेवता येतो. तरुण खेळाडूला ही केवळ सोय वाटेल. उतारवयातील किंवा बेताच्या ताकदीच्या माणसासाठी मात्र डोंगर ओलांडता येणे किंवा न येणे यावरच अवलंबून होते.

द व्हिव्ही यांनी प्रथम पेडलजवळ दोन चक्रे बसवली. चेन एकीवरून दुसरीवर हाताने सरकवावी लागे. पुढे डाव्या बाजूलाही चेन व चक्रे बसवून त्यांनी चार गिअर साधले. १९०१ मध्ये त्यांनी आपल्या रचनेला 'व्हिपेट' या इंग्रजी सायकलच्या चार गिअरच्या यंत्रणेची जोड दिली. यानंतरच्या काळात, चालत्या सायकलवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलर यंत्रणेचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला. रुंद टायर आणि लहान व्यासाची चाके यांचेही ते समर्थक होते.

शर्यतवाल्यांशी मतभेद

त्या काळातील अनेकांना गिअर ही दुबळ्यांची सोय वाटे. १९०२ मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्सने डोंगराळ मार्गावर सायकलींची चाचणी घेतली. तीत एका गिअरच्या सायकलीवर एदुआर फिशर हा नामांकित शर्यतपटू, तर तीन गिअरच्या 'गोलवाझ'वर मार्त एस ही महिला होती. मार्त एस यांनी संपूर्ण मार्ग पाय जमिनीला न टेकवता पार केला. तरीही 'लोतो' या क्रीडापत्राचे संपादक आणि १९०३ मध्ये सुरू झालेल्या टूर दे फ्रान्स शर्यतीचे संयोजक आंरी देग्रांज यांचे मत बदलले नाही. शर्यतीचा निकाल यंत्राने नव्हे, तर स्नायूंच्या बळाने लागावा, अशी त्यांची भूमिका होती. टूर दे फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळण्यास १९३७ हे वर्ष उजाडावे लागले. तोपर्यंत द व्हिव्ही हयात नव्हते. मात्र प्रवासी सायकलस्वारांनी गिअरचा स्वीकार त्याआधीच केला होता.

प्रवासपद्धती

द व्हिव्ही दीर्घ पल्ल्याचे प्रवास करीत आणि अनेकदा रात्रभर सायकल चालवीत. दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत सेंत-एत्येनहून खिंड ओलांडून रोनच्या खोऱ्यात उतरायचे आणि नदीच्या सोबतीने प्रोव्हांसकडे जायचे, हा त्यांचा परिपाठ होता. सेंत-एत्येन व आसपासच्या परिसरातील अनेक अनुयायी त्यांच्यासोबत असत. ते शाकाहारी होते आणि त्यांना एस्परांतो ही भाषा अवगत होती.

सायकलप्रवाशांसाठी त्यांनी घालून दिलेले सात नियम प्रसिद्ध आहेत. विश्रांती थोडी आणि मोजकी घ्यावी. भूक व तहान लागण्याआधीच खावे-प्यावे. झोप आणि भूक उडेल इतके थकू नये. थंडी वाजण्याआधी कपडे चढवावेत व उकडण्याआधी उतरवावेत. प्रवासात मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावीत. विशेषतः पहिल्या काही तासांत ताकदीपलीकडे जोर लावू नये. आणि केवळ दिखाव्यासाठी कधीही पेडल मारू नये, असा त्यांचा आशय आहे. यांतील पहिले सहा नियम शरीराची काळजी घेणारे आहेत, तर सातवा वृत्तीविषयी आहे. इतरांना मागे टाकण्यासाठी नव्हे, तर प्रवासाच्या आनंदासाठी सायकल चालवावी, ही त्यांची शिकवण त्यात एकवटलेली आहे.

मृत्यू

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत फ्रान्समधील रस्त्यांवर मोटारींची संख्या वाढत गेली. १९३० मध्ये सेंत-एत्येनमध्ये सायकल हाती धरून रस्ता ओलांडत असताना एका मोटारीला चुकवण्यासाठी द व्हिव्ही मागे सरले आणि ट्रामच्या धडकेत सापडले. या अपघातात त्यांचा अंत झाला. मृत्यूसमयी ते ७६ वर्षांचे होते.

वारसा

१९२२ पासून त्यांच्या सन्मानार्थ कोल द ला रेपुब्लिक खिंडीवर 'व्हेलोसिओ दिन' साजरा होऊ लागला. त्यात सर्व वयोगटांतील सायकलस्वार सहभागी होतात. खिंडीत त्यांचे स्मारकही आहे. १९२३ मध्ये फ्रान्समधील सायकल-पर्यटन संस्थांचा महासंघ स्थापन झाला. ऑडॅक्स क्लब पॅरिसियेन ही संस्था १९४७ पासून ईस्टरच्या काळात 'फ्लेश व्हेलोसिओ' हा उपक्रम आयोजित करते. त्यात तीन ते पाच सायकलींच्या प्रत्येक गटाला २४ तासांत किमान ३६० किलोमीटर अंतर पार करावे लागते. याच संस्थेच्या नियमांनुसार होणाऱ्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या 'ब्रेव्हे' सफरी मुंबई, पुणे, नाशिक येथेही होतात. ठरलेल्या मुदतीत पोहोचणाऱ्या प्रत्येकाचा त्यांत सारखाच सन्मान होतो; क्रमांक दिले जात नाहीत. मात्र महाराष्ट्रातील या सफरींत सायकलस्वारांना मोटारींच्याच रस्त्यांवरून जावे लागते.

द व्हिव्ही यांच्या परिचयाच्या प्रदेशात आता मोटारींना मज्जाव असलेले सायकलमार्ग तयार झाले आहेत. आर्देश विभागातील एरियू नदीच्या खोऱ्यात १९६८ मध्ये बंद पडलेल्या अरुंद रेल्वेमार्गाच्या जागी सुमारे ९० किलोमीटर लांबीचा 'दोल्चे व्हिया' मार्ग करण्यात आला आहे. रोनच्या काठावरील ला वूल्त येथून निघून तो ल शेलारमार्गे डोंगराळ भागात जातो. वाफेच्या इंजिनांना तीव्र चढ झेपत नसल्यामुळे रेल्वेमार्ग मुळातच सौम्य चढाचा आखलेला होता, त्याचा लाभ आज मुलांना व वृद्धांना मिळतो. जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत रोनच्या सोबतीने जाणारा 'व्हियारोना' मार्ग सुमारे ८१५ किलोमीटरांचा असून त्याचा मोठा भाग वाहनमुक्त आहे. हे मार्ग द व्हिव्ही यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी, वेगळ्या प्रयत्नांतून निर्माण झाले. सामान्य ताकदीच्या माणसाला सायकलवरून दूरवर जाता यावे यासाठी त्यांनी यंत्रात सुधारणा केली. तेच काम आता या मार्गांच्या रूपाने रस्त्यांच्या बाबतीत होत आहे.