विश्लेषण : नेब्युलायझरच्या औषधाचे मुंबई सेंट्रलशी नाते काय? कोण होते डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद?

शीव-धारावी परिसरातल्या अनेक घरांत आज नेब्युलायझर दिसतो. कुपीतल्या औषधाचे धुके होते आणि ते मास्कमधून थेट श्वासनलिकेत उतरते. ही औषधे देशातच तयार होण्यामागे शीवपासून काही किलोमीटरवर, मुंबई सेंट्रलला सुरू झालेल्या एका कंपनीचा मोठा वाटा आहे.

कोण होते डॉ. हमीद?

जन्म १८९८, अलिगढ. असहकार चळवळीच्या काळात ते जामिया मिलिया इस्लामियाच्या उभारणीत सहभागी झाले. पुढे बर्लिनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९३५ मध्ये मुंबईत ‘सिप्ला’ स्थापन केली. जुलै १९३९ मध्ये महात्मा गांधींनी कंपनीला भेट दिली. दोनच महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले, परदेशी औषधांची आवक रोडावली आणि देशी कारखान्यांचे महत्त्व कळले. हमीद पुढे मुंबईचे शेरीफही झाले.

पेटंटचा मुद्दा काय होता?

१९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार औषधावरच पेटंट मिळे. पेटंट परदेशी कंपनीकडे असेल, तर ते औषध तिच्या परवानगीशिवाय इथे बनवता येत नसे. हा कायदा बदलावा, अशी मागणी हमीद आणि इतर देशी उत्पादकांनी लावून धरली. १९७० च्या नव्या कायद्याने औषधाऐवजी केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले. हा कायदा एप्रिल १९७२ मध्ये लागू झाला. जूनमध्ये हमीद यांचे निधन झाले.

दम्याच्या रुग्णांना काय मिळाले?

आकुंचन पावलेली श्वासनलिका सैल करणारे सालब्युटामॉल १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले होते. १९७६ मध्ये सिप्लाने दम्यासाठी एरोसोल औषधे आणली. तेव्हा कंपनीची धुरा हमीद यांचे पुत्र युसूफ यांच्याकडे होती. नेब्युलायझरमध्ये घालायच्या छोट्या प्लॅस्टिक कुप्या नंतर आल्या. ज्या कायद्यासाठी हमीद झगडले, त्याची फळे पाहायला ते नव्हते.

वापरताना काय लक्षात ठेवाल?

सालब्युटामॉल काही मिनिटांत आराम देते. ब्युडेसोनाइड सूज हळूहळू कमी करते; ते घेतल्यावर चूळ भरा. औषध आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. मास्क आणि कप रोज धुऊन वाळवा. नेब्युलायझर घेऊनही धाप कमी झाली नाही, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.