पाटण्याचे शेख, लंडनचे हॉटेल

रमजानच्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक शहरातला एखादा रस्ता संध्याकाळी वेगळाच होतो. मशिदीच्या आसपास कढया चढतात, समोसे-भजी तळली जातात, कापलेल्या फळांची ताटे मांडली जातात. मगरिबची अजान झाली की रोजा सोडणारे आणि नुसतेच खायला आलेले एकाच बाकावर सरकून बसतात. कोणाच्या हातचा खिमा चांगला आणि कोणाचा मालपुवा, यावर घराघरांत जुने वाद असतात. नवे हॉटेल निघाले तर त्याचा निकाल महिनाभरात गल्लीच लावते. पदार्थ उत्तम असूनही बंद पडलेली दोन-चार दुकाने प्रत्येकाला आठवतात.

असेच एक दुकान दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये निघाले. पदार्थ चांगले होते, जागा चांगली होती, मालक कष्टाळू होता. तरी दोन वर्षांत त्याने मालकाला बुडवले. आज त्या जागी भिंतीवर हिरवी पाटी आहे. हिंदुस्थानी माणसाने ब्रिटनमध्ये काढलेले ते पहिले हॉटेल, आणि मालकाचे नाव शेख दीन मोहम्मद.

दीन मोहम्मद यांचा जन्म १७५९ चा, पाटण्याचा. आपले घराणे मुर्शिदाबादच्या नवाबांशी नाते सांगणारे, असे ते म्हणत. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. १७६९ मध्ये एका कारवाईत ते मारले गेले, तेव्हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. बाप गेलेल्या या पोराला फौजेच्या छावणीची ओढ लागली. गॉडफ्रे बेकर नावाचा एक तरुण आयरिश अधिकारी त्याला भेटला आणि पोरगा त्याच्यामागे निघाला. आईने अडवून पाहिले, पण तो राहिला नाही. पुढची पंधरा-एक वर्षे बेकरची पलटण जिकडे जाईल तिकडे तो गेला.

छावणी म्हणजे नुसती बंदुका-तोफांची गर्दी नव्हे. सैन्यामागे अख्खा बाजार चालत असे. पीठ, डाळ, तूप, बैल, भिस्ती, न्हावी, आचारी, सगळे. दीन मोहम्मद यांनी काही काळ या छावणी-बाजाराची देखरेख केली, मग जमादार झाले, पुढे वडिलांप्रमाणे सुभेदार. हजारो माणसांच्या पोटाला रोज काय लागते आणि ते कुठून आणायचे, हे त्यांनी विशीच्या आतबाहेर शिकून घेतले. नंतरच्या आयुष्यात त्यांनी जे जे धंदे केले, त्यांचे मूळ बहुधा या बाजारात आहे.

बेकरने नोकरी सोडली आणि तो मायदेशी निघाला, तेव्हा सुभेदारसाहेबही त्याच्याबरोबर जहाजावर चढले. १७८४ मध्ये ते इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले आणि तिथून आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात गेले. पंचविशीतला माणूस पुन्हा शाळेत बसला, इंग्रजी पक्के केले. तिथे जेन डेली नावाच्या मुलीशी जीव जडला. घरच्यांचा विरोध होता, म्हणून १७८६ मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केले. तेव्हाच्या कायद्यात वेगळ्या धर्माच्या माणसाशी असे लग्न होणे अवघड होते. लग्नाच्या सुमारास त्यांनी इंग्लंडच्या चर्चचा धर्म स्वीकारला आणि पुढे मुलांचे बाप्तिस्मेही झाले. नाव मात्र त्यांनी कधी बदलले नाही. दुकानाच्या पाटीवर, पुस्तकावर, जाहिरातीत ते शेवटपर्यंत मोहम्मदच राहिले. दीन हा शब्द अरबीत धर्माचा आणि इंग्रजीत चर्चमधल्या एका अधिकाऱ्याचा, हा योगायोग त्यांच्या लक्षात आला नसेल असे वाटत नाही.

१७९४ मध्ये कॉर्कमध्ये त्यांचे प्रवासवर्णन दोन भागांत छापले गेले. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक. छपाईआधीच पैसे भरणारे वर्गणीदार गोळा करून त्यांनी ते काढले, म्हणजे इथेही गिऱ्हाईक आधी आणि माल नंतर. पुस्तक पत्रांच्या रूपात आहे. त्यात फौजेच्या मोहिमा आहेत, शहरे आहेत, आणि मुसलमानांच्या घरातले सुंतेपासून निकाहापर्यंतचे आणि दफनापर्यंतचे रिवाज आयरिश वाचकांना समजतील असे सांगितले आहेत. काही वर्णने आधीच्या गोऱ्या प्रवाशांच्या पुस्तकांतून उचललेली आहेत, हेही खरे. १७९९ मध्ये लखनौचे मिर्झा अबू तालिब खान युरोपच्या प्रवासात कॉर्कला आले. त्यांनी आपल्या फारसी ग्रंथात या माणसाची, त्याच्या बायको-मुलांची आणि पुस्तकाची नोंद केली आहे.

लंडनला ते पुढे, १८०७ च्या सुमारास आले. वय पन्नाशीकडे झुकलेले आणि पाठीशी कुटुंब. पोर्टमन स्क्वेअर हा तेव्हाचा श्रीमंत मोहल्ला. हिंदुस्थानात पैसा कमावून परतलेले कंपनीचे अधिकारी आणि व्यापारी तिथे राहत. इंग्रज त्यांना काहीशा कुचेष्टेने नवाब म्हणत. त्यांतल्या बेसिल कोक्रेन यांनी मद्रासला आरमाराला माल पुरवून मोठी संपत्ती मिळवली होती. त्यांनी आपल्या हवेलीत वाफेचे स्नानगृह बांधले होते आणि तिथे दीन मोहम्मद कामाला लागले. वाफेबरोबर अंग रगडून देण्याची हिंदुस्थानी चंपी त्यांनीच तिथे आणली. ही चंपी पुढे त्यांना तारणार होती, पण तेव्हा त्यांच्या मनात हॉटेल होते.

१८१० मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर ३४ नंबरच्या घरात त्यांनी हिंदुस्थानी कॉफी हाऊस उघडले. नावात कॉफी असली तरी भर जेवणावर आणि हुक्क्यावर होता. बांबू-वेताच्या खुर्च्या आणि कोच होते, भिंतींवर हिंदुस्थानी देखावे लावलेले होते, आणि हुक्क्यासाठी वेगळी खोली. १८११ मध्ये टाइम्समध्ये त्यांनी जाहिरात दिली. आधी सांगितल्यास हिंदुस्थानी जेवण तयार करून घरपोच पाठवू, अशीही सोय होती. आज रोजा सुटायच्या वेळी मोटारसायकलवर पार्सल घेऊन पळणाऱ्या पोरांचा धंदा लंडनमध्ये तेव्हाच सुरू झाला होता म्हणायचा! त्या हॉटेलच्या पदार्थांची एक हस्तलिखित यादी २०१८ मध्ये लंडनला विकली गेली. तिच्यात अननसाचा पुलाव आहे, कोंबडीची करी आहे, लॉबस्टरचीही आहे, शिवाय रोटी आणि चटण्या. पाटण्यात लॉबस्टर कोण खातो? पण गिऱ्हाईक जिथले, मासळी तिथली, एवढे त्या छावणी-बाजारवाल्याला कळत होते.

मोहल्ल्यात हिंदुस्थानात राहून आलेल्यांची वस्ती होती. ज्यांनी वीस-वीस वर्षे पुलाव खाल्ला, हुक्का ओढला, त्यांना दाराशी तेच मिळाले तर ते येतील, हा हिशोब कागदावर बिनचूक होता. घोळ पुढे झाला. हे नवाब लोक परतताना आपले आचारीही घेऊन आले होते. कोणाच्या घरी हिंदुस्थानी नोकर होता, तर कोणाच्या बायकोने तिथेच मसाला वाटायला शिकून घेतले होते. घरी होते त्यासाठी पैसे मोजायला बाहेर का जावे? कामकाजाच्या आणि जहाजांच्या बातम्या ऐकायला जुने ओळखीचे कॉफी हाऊस लागे, पण ती तर दूर, व्यापाऱ्यांच्या सिटी भागात होती. आणि ज्यांनी हिंदुस्थान पाहिलाच नव्हता, त्या साध्या इंग्रजांना हे दर परवडणारे नव्हते आणि मसाल्याची चवही ओळखीची नव्हती. म्हणजे ज्यांना चव कळत होती त्यांना हॉटेलची गरज नव्हती, आणि बाकीच्यांना चव कळायला अजून शंभर वर्षे लागणार होती.

१८१२ मध्ये दीन मोहम्मद यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. हॉटेल दुसऱ्यांच्या हाती गेले आणि त्याच नावाने १८३३ पर्यंत चालले. याचा अर्थ कल्पना खोटी नव्हती. उभारणीचा खर्च एकाने केला आणि सावलीत दुसरे बसले. बाजारात असे अनेकदा होते.

यानंतरचे वर्ष त्यांच्या आयुष्यातले सर्वांत कठीण असावे. एके काळचा सुभेदार, पुस्तकाचा लेखक, हॉटेलचा मालक, आणि आता वय ५४. १८१३ मध्ये त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रात जाहिरात दिली, पण या वेळी नोकरीसाठी. एखाद्या सद्गृहस्थाच्या घरी खानसामा किंवा खासगी नोकर म्हणून राहू, बाजारहाट करू, स्वयंपाकावर देखरेख करू, अशा अर्थाची. मुलांची पोटे समोर असली की माणूस पाटी उतरवतो आणि ताट उचलतो. यात त्यांनी लाज मानल्याचे कुठे दिसत नाही.

१८१४ मध्ये ते ब्रायटनला गेले. समुद्रस्नानाने रोग बरे होतात अशी तेव्हा समजूत होती. राजपुत्र तिथे राहत, म्हणून श्रीमंतांची रीघ लागे. दुखणेकऱ्यांची वस्ती आणि त्यांच्या हातात पैसा, असा हा गाव होता. या वेळी दीन मोहम्मद यांनी गिऱ्हाइकाच्या घरी नसलेली वस्तू दुकानात ठेवली. वनस्पती आणि तेले घातलेल्या वाफेत माणसाला फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचे. तंबूला बाह्या असत. त्यांतून हात आत घालून चंपीवाला अंग रगडून द्यायचा. आधी लोक हसले. मग सांधे धरलेले, कंबर धरलेले दोन-चार जण चालत बाहेर पडले आणि गर्दी सुरू झाली. बरे झालेल्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या ते स्नानगृहात टांगून ठेवत. कसलेल्या दुकानदारालाच हे सुचते.

१८२१ मध्ये किंग्ज रोडवर समुद्रासमोर मोहम्मद बाथ्सची मोठी इमारत उभी राहिली. बायकांचा विभाग त्यांची पत्नी सांभाळी. चौथे जॉर्ज आणि नंतर चौथे विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना चंपीचा शाही सर्जन नेमले. चांपणे या आपल्याकडच्या शब्दावरून आलेला शाम्पू त्यांच्या काळात अंग रगडण्याचाच होता. डोके धुण्याच्या बाटलीवर तो फार नंतर गेला. ‘प्यासा’मधला जॉनी वॉकरचा तेल-मालिशवाला आणि इंग्लंडच्या राजाचा शाही सर्जन एकाच धंद्यातले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

१८२२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी जन्मसाल दहा वर्षे मागे नेऊन १७४९ केले. कलकत्त्याला वैद्यकी शिकल्याचा दावा त्यांना करायचा होता आणि खऱ्या वयात ती वर्षे बसत नव्हती. ही थाप होती. हात मात्र थापेचे नव्हते, नाहीतर कुबड्या टांगल्या गेल्या नसत्या.

राणी व्हिक्टोरियाला ब्रायटन आवडले नाही. दरबार हलला. १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि तिच्याबरोबर वेगळे, कमी पैशाचे गिऱ्हाईक आले. मोठी इमारत हातातून गेली. म्हाताऱ्याने लहान जागेत काही काळ धंदा चालू ठेवला. मोठ्या इमारतीच्या जागी आता क्वीन्स हॉटेल आहे.

लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचे नामवंत हॉटेल, वीरास्वामी, १९२६ मध्ये निघाले. ते काढणाऱ्या एडवर्ड पामर यांचे पणजोबा पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट होते आणि पणजी मुसलमान बेगम. नंतर सिल्हेटहून आलेल्या खलाशांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी गल्लोगल्ली अशी हॉटेले उघडली. आता रमजानमध्ये पूर्व लंडनच्या मोहल्ल्यांत इफ्तारीला रांगा लागतात. जॉर्ज स्ट्रीटवर २००५ मध्ये लागलेली हिरवी पाटी आता १०२ नंबरच्या इमारतीवर आहे, कारण मधल्या काळात घरांचे नंबर बदलले.

दीन मोहम्मद यांचा नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. मूत्रपिंडाचा आजार नसतानाही माणसाचा रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे त्याने नाडी मोजण्याच्या सुधारलेल्या यंत्राने दाखवले. १८८४ मध्ये, पस्तिशीतच, विषमज्वराने तो गेला. आजोबांनी नुसती सांगितलेली वैद्यकी नातवाने खरी करून दाखवली.

दीन मोहम्मद स्वतः २४ फेब्रुवारी १८५१ रोजी ब्रायटनमध्ये वारले. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. दगडावर पाटण्याचे नाव आहे, आणि वय लिहिले आहे १०१. दुकानासाठी वाढवलेली ती दहा वर्षे तिथेही तशीच राहिली.