एतिएन-ज्यूल मारे: माणसाची चाल मोजणारा डॉक्टर

चालणाऱ्या माणसाचा व्हिडिओ ॲपला दिला की अंगावर ठिपके आणि रेषांचा सांगाडा उमटतो, हे तुम्ही पाहिलं असेल. याला पोझ एस्टिमेशन म्हणतात. पण ही कल्पना मोबाईलच्या शंभर वर्षं आधीची आहे.

एतिएन-ज्यूल मारे यांचा जन्म १८३० साली फ्रान्समधल्या बोन गावात झाला. ओढा इंजिनिअरिंगकडे, पण वडिलांमुळे ते डॉक्टर झाले. मग शरीराकडेच मशीनसारखं बघायला लागले. १८६० मध्ये त्यांनी नाडीचे ठोके कागदावर रेघेने काढणारं यंत्र बनवलं. पुढे बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी बसवली. पाय टेकला की हवा दाबली जायची, नळीतून पेन हलायचं आणि पावलांचा आलेख तयार!

१८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज यांनी १२ कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले. मारे यांना मात्र दोन फोटोंमधला वेळ अगदी सारखा हवा होता, नाहीतर वेग काढणार कसा? १८८२ मध्ये त्यांनी पॅरिसला खास संशोधन केंद्र उभारलं. तिथे एकच कॅमेरा, पुढे फिरणारी खाचांची चकती, आणि एकाच काचेवर चालीचे सगळे टप्पे.

अडचण एकच: चित्रं एकमेकांवर चढून गिचमिड व्हायची. मग त्यांनी माणसाला अंगाबरोबर बसणारे काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके लावले. मागची भिंतही काळी. फोटोत माणूस गायब, उरल्या फक्त रेषा! हाच आपला सांगाडा. १९०४ मध्ये मारे वारले.

आज मीडियापाईपसारखं फुकट सॉफ्टवेअर साध्या व्हिडिओतून शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं. म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावात लकवा झालेल्या आजोबांची चाल फोनवर शूट करून दूरच्या फिजिओथेरपिस्टला दाखवता येईल. पण मारे यांचे नियम अजून लागू आहेत: कॅमेरा स्थिर, शूटिंग बरोबर बाजूने, फ्रेममध्ये माहीत असलेलं एखादं माप. आणि कपडे घट्ट. धोतर किंवा साडीखाली गुडघा दिसत नाही, तेव्हा ॲप अंदाज बांधतं. रेषा मात्र तेवढ्याच ठाम दिसतात. म्हणून सांगाडा दिसला की आकडा बरोबरच, असं धरू नका. उपचार डॉक्टरांनाच ठरवू द्या.