डॉक्टर जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटची विहीर

पटकीची सांथ आली म्हणजे कोणावर तरी दोष ठेवण्याची लोकांस घाई होते. १८५४ सालीं लंडन शहरांतहि तसेंच झालें. गरिबांच्या वस्तीची दुर्गंधी व तेथील दूषित हवा हेंच रोगाचें मूळ, असें बहुतेक विद्वान वैद्य समजत. ज्या गृहस्थानें घरोघर विचारपूस करून या समजास धक्का दिला, त्याचें हें अल्प चरित्र आमच्या उपदेशक बंधूंनीं मंडळींत अवश्य वाचून दाखवावें.

जॉन स्नो यांचा जन्म ता. १५ मार्च १८१३ रोजीं इंग्लंडांतील यॉर्क शहरीं एका मजुराच्या घरीं झाला. नऊ भावंडांत ते वडील. चौदाव्या वर्षीं ते न्यूकॅसल येथें एका शस्त्रवैद्यापाशीं शिकावयास राहिले, आणि तेथेंच कोळशाच्या खाणीवरील मजूर पटकीनें मरतांना त्यांनीं पाहिले. पुढें लंडनास येऊन ते नामांकित डॉक्टर झाले. १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीस बाळंतपणांत क्लोरोफॉर्म देण्याचा मान त्यांस मिळाला.

पटकी प्रथम आंतड्यांस जडते, तेव्हां तिचें विष हवेंतून नव्हे तर पोटांतून शिरत असलें पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. १८४९ सालीं त्यांनीं तो छापून प्रसिद्ध केला. पण फारसें कोणीं ऐकलें नाहीं.

१८५४ च्या आगस्टअखेर सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास भयंकर सांथ उद्भवली. दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. स्नो मृतांची यादी घेऊन दारोदार फिरले व प्रत्येक घरीं एकच प्रश्न विचारीत गेले, कीं पाणी कोठलें पितां? बहुतेक मृत्यू रस्त्यावरील पंपाच्या विहिरीभोंवतीं झाले होते. जवळच्याच गरीबखान्यांत ५३५ माणसें राहत असतां पांचच मेलीं, कारण तेथें पाण्याची सोय निराळी होती. बिअरच्या कारखान्यांतील सत्तरांवर कामगारांपैकीं एकहि मेला नाहीं. त्यांस धन्याकडून बिअर मिळे, शिवाय आवारांत स्वतःची विहीर होती. (दारूचें समर्थन म्हणून ही गोष्ट कोणी सांगूं नये, स्नो स्वतः कडवे मद्यत्यागी होते.) उलट, दूर हॅम्पस्टेड येथें राहणारी एक विधवा त्या पाण्याची चव आवडे म्हणून तें मुद्दाम आणवीत असे, ती वारली, व तेंच पाणी प्यालेली तिची भाचीहि वारली. गोड लागणारें पाणी निर्दोष असतेंच असें नाहीं.

ता. ७ सप्टेंबर रोजीं स्नो यांनीं तेथील पंचांपुढें हा पुरावा मांडला, व दुसऱ्या दिवशीं पंपाची मूठ काढण्यांत आली. खरें सांगावयाचें तर तोंवर सांथ ओसरूं लागली होती, आणि पंचांचीहि पुरती खातरी पटली नव्हती.

आतां एका पाळकाची गोष्ट. त्याच वस्तींतील सेंट लूक मंडळीचे तरुण साहाय्यक पाळक हेन्री व्हाइटहेड यांस स्नो यांचें म्हणणें मुळींच पटलें नव्हतें. तें चूक आहे असें दाखवावें म्हणून त्यांनीं स्वतः चौकशी आरंभिली. वस्तींतील घर न् घर त्यांच्या ओळखीचें. जेथें डॉक्टरास परका म्हणून कोणी बोलत नसे, तेथें पाळकास आंत बसावयास मिळे. एकाच घरीं ते चार चार वेळां गेले. जसजशी माहिती मिळाली तसतसें त्यांचेंच मत फिरलें. अखेर त्यांस आढळलें कीं, पंपासमोरील ४० नंबरच्या घरांत एक तान्ही मुलगी सांथीच्या आरंभीं हगवणीनें आजारी होऊन वारली होती, आणि तिच्या आईनें दुपट्यांचें धुणें घरापुढील मैल्याच्या खड्ड्यांत ओतलें होतें. तो खड्डा खणून पाहिला तों विटा ढिल्या झालेल्या, आणि विहीर तीन फुटांहूनहि कमी अंतरावर! त्या दुःखी मातेस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. वरून पाहणाऱ्यास विहीरहि चांगली दिसे व खड्डाहि झांकलेला. दोहोंच्या मध्यें जमिनीखालीं काय चाललें आहे हें कोणीं पाहिलें नव्हतें.

सरकारी आरोग्यमंडळानें मात्र स्नो यांचें मत मान्य केलें नाहीं. ता. १६ जून १८५८ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, ते वारले. पंचवीस वर्षांनंतर, १८८३-८४ मध्यें, डॉक्टर कॉख यांनीं इजिप्तांत व कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा शोध लावला. कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांतहि तो त्यांस सांपडला. व्हाइटहेड यांनीं आपल्या अभ्यासाच्या खोलींत स्नो यांची तसबीर अखेरपर्यंत लावून ठेविली होती.