नन झाल्या, पण प्रार्थनाच सुटली! कोण होत्या आविलाच्या संत तेरेसा?

या मदर तेरेसा नव्हेत. स्पेनमधल्या आविला शहरात १५१५ साली जन्मलेल्या या तेरेसा विशीत कॉन्व्हेंटमध्ये गेल्या. पण तिथं पाहुण्यांची सतत वर्दळ. बोलक्या तेरेसा गप्पांत इतक्या रमल्या की एकांतातली प्रार्थनाच सुटली. वडिलांना कारण सांगितलं आजारपणाचं. खरं तर देवासमोर बसायची लाज वाटत होती.

१५४३ मध्ये वडील गेले. त्यांच्या धर्मगुरूंनी तेरेसांना पुन्हा प्रार्थनेला बसवलं. मन मात्र लागेना. तास कधी संपतो, याकडेच कान! असं कैक वर्षं चाललं. तरी यावेळी त्यांनी बसणं सोडलं नाही.

१५५४ मध्ये जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे त्या रडत कोसळल्या, आणि ओढ परतली.

१५६२ मध्ये त्यांनी आविलातच छोटा मठ काढला. मोजक्या नन, साधं राहणं, पाहुण्यांना आवर. शहरानं विरोध केला, कोर्टकचेरीही झाली. १९७० मध्ये कॅथलिक चर्चनं धर्माचार्य मानलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या.