एका आद्य गायिकेची उपेक्षा

रॉक अँड रोल या संगीतप्रकाराचा इतिहास एल्व्हिस प्रेस्ले व चक बेरी यांच्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी न्याय्य नाही. या दोघांचा उदय होण्यापूर्वी दशकभर आधी एका कृष्णवर्णीय स्त्रीने विद्युत गिटारीवर त्याच संगीताची पायाभरणी केली होती. तिचे नाव सिस्टर रोझेटा थार्प.

१९१५ साली आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लँट या गावी त्यांचा जन्म झाला. आई धर्मप्रचारिका असल्याने बालपण चर्चच्या गायनातच गेले. १९३८ साली डेक्का कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात व कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. देवाची गाणी मद्यगृहात नेली म्हणून धर्मनिष्ठ मंडळी रुष्ट झाली. पण थार्प यांनी ना भक्ती सोडली, ना ठेका. १९४४ साली ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे एक भक्तिगीत पुढील वर्षी ‘बिलबोर्ड’च्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. अर्थात ही यादी कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी निराळी ठेवलेली होती! दक्षिणेत हजारो श्रोते जमविणाऱ्या या गायिकेला हॉटेलात खोली मिळत नसे. रात्र बसमध्येच काढावी लागे.

१९४७ साली मेकन येथे त्यांनी एका किशोराला आपल्या रंगमंचावर गाण्याची संधी दिली. तोच पुढे लिटल रिचर्ड म्हणून विख्यात झाला. रॉक अँड रोलच्या ‘हॉल ऑफ फेम’ने १९८६ साली गौरविलेल्या पहिल्या मानकऱ्यांत प्रेस्ले व बेरी यांच्या जोडीला तोही होता. थार्प यांना मात्र तेथे स्थान मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले. १९७३ साली फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले, त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

ही उपेक्षा केवळ योगायोगाने घडली असे म्हणता येत नाही. चर्चच्या दृष्टीने त्या ऐहिक ठरल्या, बाजाराच्या दृष्टीने धार्मिक. शिवाय त्या स्त्री होत्या आणि कृष्णवर्णीयही. कोणत्याच चौकटीत न बसणाऱ्यांची नोंद इतिहास सहसा ठेवीत नाही. उशिरा मिळालेला मान म्हणूनच थार्प यांच्यापेक्षा इतिहासकारांच्या डोक्यावरील ऋण कमी करणारा आहे. ते पुरते फिटले, असे मात्र कोणी समजू नये.